चंगाई सभेनंतर बहिणीने फिटच्या गोळ्या बंद केल्यात, तिचा विश्वास न दुखावता कसं बोलू?

मोहरीचा_दाणा

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या, दोन रात्री नीट झोप नाहीये.

माझी धाकटी बहीण 24 वर्षांची आहे. 17 व्या वर्षापासून तिला फिट येतात, एपिलेप्सी. आधी महिन्यातून दोनतीनदा यायच्या, मग डॉक्टरांनी गोळी बदलली, डोस वाढवला आणि आता 14 महिने झाले एकही आलेली नाही. मागच्या रविवारी ती मैत्रिणीबरोबर एका चंगाई सभेला गेली होती. तिथे डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, ती म्हणते अंगातून काहीतरी गरम गेल्यासारखं वाटलं, खूप रडली, आणि खरं सांगतो, घरी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी शांती होती ती मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. पण प्रार्थना करणाऱ्या भाऊंनी तिला असंही सांगितलं की तू आता बरी झालीस, यापुढे गोळी घेणं म्हणजे देवावर संशय घेणं. त्या रात्रीपासून गोळ्या बंद. आज पाचवा दिवस.

मी स्वतः विश्वासणारा आहे. प्रभू आजही बरं करतो असं मी मानतो, म्हणून तर अडकलोय, नाहीतर सरळ वाद घातला असता. आई घाबरून तिच्यावर ओरडते, की ही म्हणते तुमच्यात विश्वासच नाही. मी काही बोललो की मार्क 9 उघडते, तो मुलगा ज्याला आत्मा आगीत आणि पाण्यात टाकायचा, म्हणते माझं तेच होतं आणि ते आता गेलं. काल मी चिडून बोलून गेलो की उद्या फिट आली तर ते भाऊ येणारेत का तुला धरायला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीये.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. अशी अचानक गोळी बंद केली तर खरंच किती धोका असतो, की आम्हीच उगाच घाबरतोय? आणि वचनात औषधाबद्दल, वैद्यांबद्दल काय आहे जे तिला प्रेमाने दाखवता येईल?

रात्रपाळी

भाऊ, आधी तातडीचं बोलते, वचनाचं नंतर. मी डॉक्टर आहे, आयसीयूत काम करते, न्यूरॉलॉजिस्ट नाही पण गोळी सोडून आलेले फिटचे पेशंट पुष्कळ बघितलेत. तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. फिटची गोळी एकदम तोडली की मेंदूवरचा ब्रेक एकदम काढल्यासारखं होतं आणि कधीकधी आधीपेक्षा जोराची फिट येते, एकामागून एक येतात, थांबतच नाहीत. 5 मिनिटांच्या वर फिट चालली किंवा मधे शुद्धीवर न येता दुसरी आली तर ती इमर्जन्सी, तिथे वाट बघायची नाही. पहिले काही दिवस काही झालं नाही म्हणजे टळलं असंही नाही, आठवड्यांनीही येऊ शकते.

आता एक महत्त्वाचं, जे घाईत लोक चुकतात. ती आज तयार झाली तरी पाच दिवस बंद असलेली गोळी तुमच्या मनाने पूर्ण डोसवर चालू करू नका. आजच तिच्या डॉक्टरांना फोन करा आणि कुठली गोळी, किती डोस, किती दिवस बंद हे सांगा. काही गोळ्या लगेच चालू करता येतात, पण लॅमोट्रिजिनसारखी असेल आणि मधे खंड पडला असेल तर परत अगदी थोड्यापासून हळूहळू चढवावी लागते, नाहीतर अंगावर पुरळ येऊन ते जिवावर बेतू शकतं.

तोपर्यंत तिला बाथरूमची कडी लावू देऊ नका, एकटीने पोहणं, गाडी चालवणं, उंचावर चढणं नको, रात्री खोलीत कोणीतरी झोपा. फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी, गोळी, बोट काहीही घालायचं नाही आणि हातपाय दाबून धरायचे नाहीत.

आणि एक विचारू? तिला गोळ्यांचा त्रास होतो का कधी विचारलंय? सुस्ती, वजन वाढणं, केस गळणं, चिडचिड, लग्नाची आणि पुढे बाळाची भीती. सात वर्षं रोज सकाळसंध्याकाळ गोळी गिळताना मुलीला रोज आठवण होते की माझ्यात काहीतरी बिघडलंय. माझ्या अनुभवात गोळी सोडण्यामागे बऱ्याचदा हे असतं, आणि सभेत कोणीतरी ते सोडायची परवानगी देतं. तेव्हा भांडण वचनावर होतं पण दुखणं दुसरीकडेच असतं. तुम्ही फिटचं बोलायच्या आधी गोळीचं ऐकून घ्या.

पाळक_निवृत्त

सलाम. तीस वर्षं मंडळीत सेवा केली, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना किती केल्या त्याला मोजदाद नाही, त्यामुळे मी प्रार्थनेच्या विरुद्ध बोलतोय असं कोणी समजू नये.

ती मार्क 9 उघडते तर उघडू द्या, पण तिच्याबरोबर मत्तय 4:24 पण वाचा. तिथे लोकांनी येशूकडे आणलेल्यांची यादी आहे आणि त्यात भूतग्रस्त वेगळे, फेफरेकरी वेगळे, पक्षघाती वेगळे असे सांगितलेत. म्हणजे शुभवर्तमान लिहिणाऱ्यालाही प्रत्येक फिट म्हणजे भूत असं वाटत नव्हतं. हे तिला सांगणं फार गरजेचं आहे, कारण या मुलीने मनात असं धरलंय की इतकी वर्षं माझ्यात दुष्ट आत्मा होता, आणि उद्या देव न करो फिट आली तर ती काय समजेल? तो परत आला? ते ओझं फिटपेक्षा भयंकर.

याकोब 5 मधलं सगळ्यांना पाठ असतं, मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या जबाबदार ज्येष्ठांना, बोलवा, तेल लावून प्रार्थना करा. पण नीट बघा, विश्वासाची प्रार्थना तिथे कोण करतंय? वडील करतायत. आजारी माणूस बिछान्यावर आहे, त्याने फक्त बोलावणं धाडलंय. मार्क 2 मध्येही छप्पर उकलून पक्षघात्याला खाली सोडलं तेव्हा येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला, आणणाऱ्या माणसांचा. आजाऱ्याच्या खांद्यावर विश्वासाचं वजन टाकायचं आणि तो उचलतो का बघायचं, हे मला वचनात कुठे सापडलेलं नाही.

औषधाचं विचारलंत. आजारी पडलेल्या हिज्किया राजाची गोष्ट 2 राजे 20 मध्ये आहे. देवाने आधी सांगितलं मी तुला बरं करतो, 15 वर्षं वाढवून देतो, आणि मग तो निरोप आणणाऱ्या यशया संदेष्ट्यानेच अंजिराची ढेप आणायला सांगून गळवावर बांधायला लावली. वचन मिळालं होतं, तरी लेप लावला. लेप लावणं हा संशय असता तर संदेष्ट्याने सांगितलाच नसता. पौल तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, त्रफिम नावाच्या सोबत्याला मिलेतात आजारी ठेवून पुढे जातो, आणि त्याच्याबरोबर फिरणाऱ्या लूकला "प्रिय वैद्य" म्हणतो. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत होते तोच हा पौल, आणि त्याच्या स्वतःच्या देहातला काटा तीनदा विनंती करून निघाला नाही.

आसा राजाची गोष्ट कोणी पुढे करेल, 2 इतिहास 16, की तो परमेश्वराला शरण न जाता वैद्यांकडे गेला. पण सगळा अध्याय वाचला तर दिसतं की तो आधीपासून देवाकडे पाठ फिरवून बसला होता, अरामी राजाला सोनंरुपं पाठवून, द्रष्ट्याला तुरुंगात टाकून. दोष डॉक्टरकडे जाण्याचा नव्हता. कॅथलिक भावंडांच्या बायबलमध्ये बेन सिराचा 38 वा अध्याय आहे, त्यात वैद्याला मान द्या, त्यालाही परमेश्वरानेच घडवलं असं सरळच म्हटलंय, आणि तिथेच प्रार्थना करायलाही सांगितलंय.

चौथ्या शतकातल्या बेसिलबद्दलही तिला सांगा. कैसरियाचा बिशप, जन्मभर प्रकृतीने त्रस्त माणूस, त्याने शहराबाहेर आजाऱ्यांसाठी, कुष्ठरोग्यांसाठी, गरिबांसाठी मोठं ठिकाण उभं केलं जिथे वैद्य आणि शुश्रूषा करणारे ठेवले होते. त्याने लिहून ठेवलंय की शेतीची कला जशी देवाने दिली तशी वैद्यकीची पण दिली, फक्त सगळी आशा तिच्यावर ठेवू नका. इस्पितळ ही गोष्टच मंडळीने वाढवली, आणि आज आपलीच माणसं इस्पितळात जाणाऱ्याला अविश्वासू म्हणतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एकटी_वाट

मी वचनातलं फार सांगू शकणार नाही पण माझ्यावर गेलेलं सांगते.

माझ्या नवऱ्याला कॅन्सर होता. मंडळीतले लोक रोज यायचे प्रार्थनेला, मी त्यांची आजही उपकारी आहे, जेवण आणायचे, मुलांना सांभाळायचे. पण त्यात दोघंजण असे होते की प्रत्येक केमोच्या आधी म्हणायचे, तुम्ही एक पाय देवाकडे आणि एक पाय डॉक्टरकडे ठेवलाय म्हणून चंगाई अडलीय. आम्ही केमो सोडली नाही. पण ते वाक्य माझ्या नवऱ्याच्या मनात घर करून बसलं. शेवटच्या महिन्यात, बोलायची ताकद नव्हती तेव्हा, ते रात्री देवाची माफी मागायचे की माझा विश्वास कमी पडला. मी उशाशी बसून ऐकायचे. आजाराने त्यांना नेलं ते मी स्वीकारलं, पण ती माफी मागणं मला आठ वर्षांनी पण स्वीकारता येत नाही. ज्या माणसाने देवाला सोडलं नाही त्याला मरताना वाटत होतं देवाने आपल्याला सोडलंय.

मी चर्चला जायचं दोन वर्षं थांबवलं होतं. परत आले ते एका म्हाताऱ्या बाईंमुळे, त्या काही बोलायच्याच नाहीत, शेजारी येऊन बसायच्या आणि जायच्या.

तुम्ही तिची माफी मागा भाऊ. "कोण येणारे धरायला" याची. मग तिला म्हणा, मी येणारे धरायला. आज रात्री तिच्या खोलीत गादी टाका.

साक्ष_देणारा

वरचं सगळं वाचलं. बहिणीबद्दल फार वाईट वाटलं, देव त्यांना सांत्वन देवो.

पण कोणीतरी दुसरी बाजूही मांडायला पाहिजे. मी बरा झालोय. 11 वर्षं पाठीच्या दुखण्याने वाकून चालत होतो, एका प्रार्थनेत उभा राहिलो आणि त्या दिवसापासून आजपर्यंत दुखलेलं नाही. हे कोणी मानो न मानो माझं अंग मला माहीत आहे. तुम्ही लोक प्रत्येक ठिकाणी आधी डॉक्टर आधी डॉक्टर करता, मग देवाला जागा कुठे उरते? 12 वर्षं रक्तस्राव होणारी बाई, मार्क 5, पुष्कळ वैद्यांकडे गेली, होतं नव्हतं ते खर्च केलं आणि उलट वाढलं, शेवटी वस्त्राला शिवली आणि बरी झाली. त्या मुलीला प्रभूने स्पर्श केला असेल तर? तुम्ही सगळे मिळून तिच्याकडून ते काढून घेताय.

रात्रपाळी

साक्ष_देणारा भाऊ, तुमची पाठ बरी झाली याचा मला मनापासून आनंद आहे, त्यावर मी प्रश्न विचारणार नाही. तिच्याकडूनही कोणी काही काढून घेऊ नये, ती शांती खरी आहे.

पण पाठ आणि फिट यात एक फरक आहे तो समजून घ्या. पाठ दुखायची थांबली तर तुम्हाला त्याच क्षणी कळतं. फिटचं तसं नाही. गोळीने आवरलेली फिट आणि कायमची गेलेली फिट बाहेरून अगदी सारखी दिसते. तिला सभेच्या आधी 14 महिने फिट नव्हती आणि सभेनंतर पाच दिवस नाही, यावरून तिला स्वतःलाही काही कळू शकत नाही, मला नाही, तिच्या डॉक्टरांनाही नाही. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, काढला आणि नॉर्मल आला तरी खात्री देता येत नाही, एपिलेप्सी असलेल्यांचाही ईईजी कितीतरी वेळा नॉर्मल येतो. मग कळायचा रस्ता एकच, वेळ जाऊ द्यायचा आणि हळूहळू डोस उतरवायचा. साधारण दोन वर्षं फिट नसेल तर डॉक्टर स्वतःच हा विषय काढतात, मग काही महिने घेऊन थोडा थोडा डोस कमी करत नेतात. म्हणजे तिला हवंय तेच, फक्त सुरक्षित वाटेने. प्रभूने बरं केलं असेल तर गोळी हळूहळू उतरवल्याने ती चंगाई काही बिघडणार नाही.

आणि येशूने स्वतः काय केलं ते बघा ना. कुष्ठरोगी बरा झाला, मार्क 1:44, तर त्याला म्हणाला जाऊन स्वतःला याजकाला दाखव. त्या काळी कुष्ठ गेलं की नाही हे तपासून सांगणं याजकाचं काम होतं. लूक 17 मधल्या दहा जणांना पण तेच सांगितलं. तपासून घेण्यात प्रभूला कमीपणा वाटला नाही. फ्रान्समधलं लूर्द हे कॅथलिकांचं तीर्थस्थान, लोक तिथे बरं व्हायला जातात, तिथे 1883 पासून अशा दाव्यांची तपासणी करणारं डॉक्टरांचं ऑफिस आहे, 7 हजारांवर लोकांनी बरं झाल्याचं सांगितलं आणि चर्चने चमत्कार म्हणून मानलेले सगळे मिळून सत्तरच्या आसपास. 70 वा 2018 मध्ये मानला. बरं होणं पूर्ण पाहिजे, टिकलं पाहिजे, उपचाराने झालेलं नसलं पाहिजे, अशी एवढी छाननी खुद्द चर्च करतं, विश्वास कमी आहे म्हणून नव्हे.

शंकेखोर_शेजारी

मी विश्वासणारा नाही, पण मित्र आहेत म्हणून इथे वाचतो, कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत.

दोनच गोष्टी सांगतो. 1998 मध्ये अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, श्रद्धेमुळे उपचार न दिलेल्या मुलांच्या 1975 ते 1995 मधल्या 172 मृत्यूंचा. त्यातली 140 मुलं अशी होती की साध्या उपचाराने वाचण्याची शक्यता 90 टक्क्यांवर होती. डायबेटिस, न्यूमोनिया, अपेंडिक्स असलं. मला त्या आईबापांचा राग येत नाही, त्यांचं मुलांवर प्रेमच असणार, म्हणून तर वाचवत नाही ते.

दुसरं, 2006 चा बायपासच्या 1802 पेशंटवरचा प्रार्थनेचा अभ्यास. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी नाही त्यांच्यात फरक आला नाही, 52 आणि 51 टक्क्यांना कॉम्प्लिकेशन्स, पण ज्यांना खात्रीने सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना चाललीय त्यांच्यात 59 टक्के. योगायोगही असू शकतो असं त्या लोकांनी स्वतःच म्हटलंय. पण वरच्या ताईंचं वाचल्यावर मला वाटलं, आपण बरं व्हायलाच पाहिजे हा दबाव आजारी माणसावर येत असेल का?

पाळक_निवृत्त

शेजारीबुवा, तुम्ही सभ्यपणे लिहिलंत, आभार. त्या प्रार्थनेच्या अभ्यासाबद्दल माझं म्हणणं इतकंच की देवाला दोन गटांत वाटून मोजता येतं असं मला वाटत नाही, मग निकाल उलटा आला असता तरी मी तो पुरावा म्हणून नाचवला नसता. पण त्या 172 मुलांवर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्यासारख्यांनी ते आकडे तुमच्या आधी वाचायला हवे होते.

मोहरीचा_दाणा, एक राहिलं होतं. ते भाऊ म्हणाले गोळी सोडणं हीच विश्वासाची खूण. मत्तय 4 मध्ये सैतान येशूला मंदिराच्या शिरावर उभं करतो आणि वचनच ऐकवतो, खाली उडी टाक, देवदूत झेलतील. झेलले असते यात शंका नाही. तरी येशू उडी मारत नाही, म्हणतो परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको. तिने प्रभूवर भरवसा ठेवलाय हे चांगलंच आहे, पण उडी मारायला प्रभूने सांगितलं नव्हतं, माणसाने सांगितलं. हे तिच्याशी बोलताना आवाज खाली ठेवा आणि आधी तिच्याबरोबर प्रार्थना करा.

मोहरीचा_दाणा

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री उत्तर द्यायला जमलं नाही.

ताईंनी सांगितलं तसं केलं. गादी टाकली तिच्या खोलीत. माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग अंधारात म्हणाली दादा तुला माहितीय का मला त्या गोळीने वाचलेलं लक्षात राहत नाही, दोन वेळा परीक्षा दिली आणि आईला वाटतं मी अभ्यास करत नाही. सात वर्षांत मी हे कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं फिट थांबल्या म्हणजे सगळं ठीक.

मी औषधाचं काही काढलं नाही. तिनेच सकाळी विचारलं की तू इंटरनेटवर काय वाचतोस रात्रभर. मग मार्क 1 वाचून दाखवला, याजकाला दाखव ते. मी म्हटलं तू बरी झालीयस यावर मी वाद घालत नाही, फक्त दाखवून येऊ, मी बरोबर आहे. ती म्हणाली डॉक्टर हसतील. मी म्हटलं हसले तर आपण उठून येऊ.

फोन लावला. बाई हसल्या नाहीत. कुठली गोळी, किती दिवस सगळं विचारलं, तिची लॅमोट्रिजिन नाहीये, दुसरी आहे, तरी आज संध्याकाळीच बोलावलं आणि तोवर एकटीला सोडू नका म्हणाल्या. लक्षात न राहण्याचं मी सांगितलं तर म्हणाल्या हे आधी का नाही बोललात, गोळी बदलून बघता येईल.

ती अजून घेईनच असं म्हणाली नाहीये. येते एवढंच म्हणालीय. पाळक काकांना विचारायचं होतं, जायच्या आधी घरी आम्ही चौघांनी मिळून प्रार्थना करावी असं तिला वाटतंय, आणि तेल लावून करावी का असं विचारतेय. आम्ही कोणी मंडळीचे वडील नाही, तर चालेल का?

पाळक_निवृत्त

चालेल बाळा. आईला करू दे.